जॅक जॉन्सन : बंदी घातलेली चित्रफीत, माहितीपट आणि प्रचार

१/
३१ जुलै १९१२ रोजी अमेरिकेत एक संघीय कायदा संमत झाला. मुष्टियुद्धाची चित्रफीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणे किंवा परदेशातून आणणे त्याने गुन्हा ठरवला. या कायद्याने मुष्टियुद्धावर बंदी आली नाही. लढत भरवता येत होती, तिकीट काढून पाहता येत होती, तिचे फेरीनिहाय वर्णन वर्तमानपत्रांत छापता येत होते. तिची फीत तेवढी राज्याची सीमा ओलांडू शकत नव्हती.

२/
कायद्याच्या मजकुरात कोणत्याही वर्णाचा उल्लेख नाही. तरीही तो कोणाला डोळ्यांसमोर ठेवून झाला हे त्या काळी सर्वांना ठाऊक होते. त्या माणसाचे नाव जॅक जॉन्सन, हेवीवेट गटाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. त्याच्या आणि त्याच्या वारसांच्या लढतींच्या फितींचे पुढील शंभर वर्षांत काय झाले, हे पाहिले म्हणजे माहितीपट मत कसे घडवतो आणि प्रचार कोठे सुरू होतो, याचा अंदाज येतो. त्या फितींची ही कथा.

३/
जॉन्सनचा जन्म ३१ मार्च १८७८ रोजी टेक्सासमधील गॅल्व्हस्टन या बंदरगावी झाला. त्याच्या आईवडिलांनी गुलामगिरी भोगलेली होती. तो मोठा होत असताना दक्षिणेकडील राज्यांत रंगभेदाचे कायदे एकामागून एक होत होते. मुष्टियुद्धात कृष्णवर्णीयांना इतर गटांत क्वचित संधी मिळे, पण हेवीवेट विजेतेपद हे गोऱ्या पौरुषाचे सिंहासन मानले जाई. जॉन एल. सलिव्हनपासून जेम्स जेफ्रीजपर्यंतच्या विजेत्यांनी त्या सिंहासनासाठी कृष्णवर्णीयांशी लढण्यास साफ नकार दिला होता.

४/
जेफ्रीज १९०५ साली अपराजित निवृत्त झाला. पुढे विजेता ठरलेल्या टॉमी बर्न्सचा जॉन्सनने देशोदेशी पिच्छा पुरवला. अखेर मोठ्या मानधनाच्या बोलीवर बर्न्स तयार झाला आणि २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनीत लढत झाली. जॉन्सनने त्याला पहिल्या फेरीपासून हैराण केले. चौदाव्या फेरीत पोलिसांनी हस्तक्षेप करून लढत थांबवली आणि जॉन्सन विजयी ठरला.

५/
या लढतीचे चित्रीकरण होत होते. शेवटचा क्षण मात्र फितीवर नाही, कारण बर्न्स कोसळण्याच्या बेतात असताना कॅमेराही थांबवला गेला. गोरा विजेता कृष्णवर्णीयाच्या पायाशी पडलेला जगाने पाहू नये, हा त्यामागचा विचार होता. निकाल बदलला नाही, पण त्याचे दृश्य उरले नाही. चित्रफितीवरचे नियंत्रण असे पहिल्याच लढतीपासून सुरू झाले.

६/
रिंगणाशेजारी बसलेला कादंबरीकार जॅक लंडन 'न्यूयॉर्क हेरल्ड'साठी वार्तांकन करत होता. जेफ्रीजने निवृत्ती सोडून परत यावे आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचे हास्य पुसून टाकावे, असे जाहीर आवाहन त्याने केले. 'गोऱ्यांची आशा' हा शब्दप्रयोग त्यानंतरच्या काळात रूढ झाला. वर्तमानपत्रांतील व्यंगचित्रे जॉन्सनला कधी वानराच्या, तर कधी विदूषकाच्या रूपात रंगवू लागली.

७/
जेफ्रीज परतला. लढत ठरली ४ जुलै १९१० रोजी, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, नेवाडा राज्यातील रीनो येथे. मर्यादा ४५ फेऱ्यांची होती. आयोजक टेक्स रिकर्ड स्वतःच पंच झाला. कॅमेरे रिंगणासमोर मोक्याच्या जागी बसवले गेले, कारण या व्यवहारात तिकिटांइतकाच पैसा फितीच्या हक्कांत होता. त्या वेळी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर येण्यास आणखी तीन वर्षे होती. अमेरिकेत मात्र सिनेमा हा भरभराटीचा धंदा झाला होता.

८/
फीत काढणाऱ्यांची अपेक्षा जेफ्रीज जिंकेल अशी होती. गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा चालता-बोलता पुरावा देशभर दाखवता येईल आणि त्यातून अमाप पैसा मिळेल, असा त्यांचा हिशेब होता. घडले उलटे. जॉन्सन शांतपणे, अधूनमधून हसत, प्रेक्षकांशी बोलत लढला. पंधराव्या फेरीत जेफ्रीज कारकिर्दीत प्रथमच खाली पडला. उठला, पुन्हा पडला. अखेर त्याच्या बाजूच्या माणसांनीच लढत थांबवली.

९/
तारेने बातमी पोहोचताच अनेक शहरांत हिंसाचार उसळला. विजयाचा आनंद व्यक्त करणाऱ्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या झुंडी तुटून पडल्या. माणसे मारली गेली आणि मृतांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे : त्या रात्रीपर्यंत लढतीची फीत कोणीही पाहिलेली नव्हती. दंगली झाल्या त्या बातमीमुळे. बंदीची मागणी पुढे आली ती मात्र फितीवर, वर्तमानपत्रांवर नव्हे.

१०/
दुसऱ्याच दिवसापासून मोहीम सुरू झाली. ख्रिश्चन युवकांच्या एका मोठ्या संघटनेने राज्यपालांना आणि महापौरांना आवाहने पाठवली. अनेक शहरांनी व राज्यांनी प्रदर्शन रोखले. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मुष्टियुद्धाचे शौकीन, स्वतः हातमोजे घालून सराव करणारे. त्यांनीही लेख लिहून फिती दाखवू नयेत असे मत मांडले. अमेरिकेबाहेर दक्षिण आफ्रिकेतही दारे बंद झाली. पुढच्या वर्षी लंडनमध्ये जॉन्सनची गोऱ्या ब्रिटिश मुष्टियोद्ध्याशी होऊ घातलेली लढतच गृहमंत्री विन्स्टन चर्चिल यांनी बेकायदा ठरवली.

११/
बंदीसाठी दिलेली कारणे सभ्य होती : मुलांची नीतिमत्ता, सार्वजनिक शांतता, क्रौर्याचा तिटकारा. पण दोन गोऱ्यांच्या लढतींच्या फिती त्यापूर्वी वर्षानुवर्षे दाखवल्या जात होत्या आणि तेव्हा मुलांच्या नीतिमत्तेवरून देशव्यापी मोहीम झाली नव्हती. प्रचाराचे हे जुने तंत्र आहे. खरे कारण उच्चारायचे नाही. ज्याला कोणी विरोध करू धजणार नाही असे कारण पुढे करायचे.

१२/
बातमी आणि फीत यांत फरक काय होता? बातमीला वळण देता येते. जेफ्रीज म्हातारा झाला होता, त्याने घाईघाईत वजन उतरवले होते, त्याचे दिवस सरले होते, असे लिहिता येते. तसे लिहिलेही गेले. फितीत मात्र पंधरा फेऱ्या दिसतात. जॉन्सनचा संयम, त्याचा बचाव, प्रतिस्पर्ध्याचा वार झेलण्याची हातोटी दिसते. आणि ती पुन्हापुन्हा, गावोगावी, तिकीट काढलेल्या प्रत्येकाला दिसते. त्यात कृष्णवर्णीय प्रेक्षकही होते. वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धान्ताला तोंडी उत्तर देता येत होते. या दृश्याला उत्तर नव्हते.

१३/
४ जुलै १९१२ रोजी जॉन्सनने जिम फ्लिन या आणखी एका गोऱ्या आव्हानवीराला हरवले. त्याच महिन्यात संघीय कायदा संमत झाला. टेनेसीचे प्रतिनिधी थीटस सिम्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचे दुसरे पुरस्कर्ते होते जॉर्जियाचे सीबॉर्न रॉडेनबेरी. हेच रॉडेनबेरी डिसेंबर १९१२ मध्ये आंतरवर्णीय विवाहांवर बंदी घालणारी घटनादुरुस्ती घेऊन उभे राहिले. निमित्त होते जॉन्सनने नुकत्याच एका गोऱ्या तरुणीशी केलेल्या विवाहाचे. दोन्ही प्रस्तावांची मुळे एकाच भयात होती.

१४/
खटलाही त्याच सुमारास उभा राहिला. स्त्रियांना 'अनैतिक हेतूने' राज्याबाहेर नेण्याविरुद्धचा मान कायदा १९१० साली झाला होता. त्याचा मूळ रोख वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या व्यापारावर होता. जॉन्सनविरुद्ध तो त्याच्या खासगी संबंधांसाठी वापरला गेला. जून १९१३ मध्ये फक्त गोऱ्यांचा समावेश असलेल्या ज्युरीने त्याला दोषी ठरवले. शिक्षा झाली एक वर्ष आणि एक दिवस. जॉन्सन देश सोडून गेला आणि १९२० साली परतून त्याने ती शिक्षा भोगली.

१५/
५ एप्रिल १९१५ रोजी हवाना येथे सव्विसाव्या फेरीत जेस विलर्ड या गोऱ्या मुष्टियोद्ध्याने जॉन्सनला हरवले. ज्या दृश्याची गोऱ्या अमेरिकेने सहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली, ते आता फितीवर होते. पण फीत परदेशात, क्युबामध्ये, काढलेली! सिम्स कायद्यानुसार ती आयात करता येईना. मालकांनी न्यायालयात धाव घेतली. सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. जॉन्सनचा विजय लपवण्यासाठी बांधलेल्या भिंतीमागे त्याचा पराभवही अडकला.

१६/
पळवाट शोधण्याचा प्रयत्न विलक्षण होता. १९१६ साली न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर टोकाशी, कॅनडाच्या सीमारेषेवर, एक तंबू उभारला गेला. कॅनडाच्या बाजूला मूळ फीत आणि अमेरिकेच्या बाजूला कोरी फीत. मधून प्रकाश टाकून चित्रे एका फितीवरून दुसरीवर उतरवण्यात आली. सीमा ओलांडली ती प्रकाशाने, वस्तूने नव्हे, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो फेटाळला.

१७/
फीत येऊ शकली नाही, पण छायाचित्रे आली. त्यांपैकी एक फार गाजले : पाठीवर पडलेला जॉन्सन, हात डोळ्यांवर. तो उन्हापासून डोळे झाकत आहे, म्हणजे मुद्दाम हरला, असा अर्थ अनेकांनी काढला. जॉन्सनने स्वतःही पुढे तसा दावा केला. पण सव्विसाव्या फेरीपर्यंत रणरणत्या उन्हात झुंजणारा ३७ वर्षांचा जॉन्सन ज्या फितीत दिसतो, ती पाहिली की हा दावा पटणे कठीण जाते. मागचापुढचा संदर्भ तोडलेली एकच चौकट किती सहज खोटी साक्ष देऊ शकते, त्याचे हे उदाहरण.

१८/
त्याच १९१५ सालातील दुसरी घटना याच्या शेजारी ठेवून पाहावी. 'द बर्थ ऑफ अ नेशन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. कृष्णवर्णीयांना हिंस्र आणि कामांध रंगवणारा, कू क्लक्स क्लानला तारणहार ठरवणारा. त्याचा खेळ थेट व्हाइट हाउसमध्ये झाला. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेने देशभर निदर्शने केली. काही ठिकाणी बंदी आलीही, पण राज्यांच्या सीमा अडवणारा संघीय कायदा झाला नाही. प्रत्यक्ष घडलेली लढत सीमेवर अडली, रचलेली कथा देशभर फिरली.

१९/
जॉन्सननंतर हेवीवेट विजेतेपद २२ वर्षे कृष्णवर्णीयांना बंद राहिले. १९३७ साली जो लुईस विजेता झाला. त्याच्या कृष्णवर्णीय व्यवस्थापकांनी त्याला कडक नियम घालून दिले होते. पडलेल्या प्रतिस्पर्ध्याकडे पाहून हसायचे नाही. गोऱ्या स्त्रीबरोबर छायाचित्र काढू द्यायचे नाही. प्रत्येक नियम जॉन्सनच्या प्रतिमेचे नेमके उलटे रूप होता. जॉन्सनच्या फिती कायद्याने दडपल्या गेल्या. लुईसला स्वतःच्या चेहऱ्यावरचे हसू आधीच दडपावे लागले.

२०/
१९ जून १९३६ रोजी जर्मन मुष्टियोद्धा मॅक्स श्मेलिंगने लुईसला हरवले होते. नाझी राजवटीने त्या लढतीच्या फितीवरून पूर्ण लांबीचा माहितीपट काढून जर्मनीभर दाखवला. श्मेलिंगचा विजय म्हणजे जर्मनीचा विजय, हा अर्थ त्याच्या शीर्षकातच होता. दोन वर्षांनी, २२ जून १९३८ रोजी, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर लुईसने पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत, श्मेलिंगला निकालात काढले.

२१/
आता १९४४ साल. अमेरिकेच्या युद्धखात्याने 'द निग्रो सोल्जर' हा सुमारे ४० मिनिटांचा माहितीपट काढला. फ्रँक कॅप्रा यांच्या पथकाची निर्मिती, स्टुअर्ट हाइस्लर यांचे दिग्दर्शन. लेखक होते कार्ल्टन मॉस हे कृष्णवर्णीय नाटककार, आणि पडद्यावरील धर्मोपदेशकाची भूमिकाही त्यांचीच. चर्चमधील प्रवचनात हा उपदेशक लुईस आणि श्मेलिंग यांच्या लढतीचा दाखला देतो आणि पडद्यावर ती फीतच सुरू होते. गोरा श्मेलिंग कोसळतो. पुढे सैन्यात दाखल झालेला लुईस दिसतो, तसाच जर्मन छत्रीधारी सैनिक झालेला श्मेलिंगही.

२२/
गोऱ्या माणसाला कृष्णवर्णीय ठोसा मारतो आहे, या दृश्याची ने-आण रोखणारा कायदा १९१२ साली ज्या संघराज्याने केला, तेच आता असे दृश्य सैनिकांना दाखवत होते. सिम्स कायदा १९४० साली रद्द झाला होता, पण मूळ फरक कायद्याचा नव्हता. आता पडणारा गोरा शत्रुराष्ट्राचा होता आणि मारणारा सरकारच्या गणवेशात होता. जॉन्सनचा ठोसा त्याचा स्वतःचा होता. लुईसचा ठोसा राष्ट्राच्या नावावर जमा करता येत होता.

२३/
हा माहितीपट अनेक कृष्णवर्णीय प्रेक्षकांना भावला, कारण सरकारी पडद्यावर ते प्रथमच सन्मानाने दिसत होते. पण त्यात काय नाही तेही पाहावे. क्रांतियुद्धापासूनच्या कृष्णवर्णीय सैनिकांचे शौर्य त्यात आहे. गुलामगिरीचा इतिहास जवळजवळ गाळलेला आहे. ज्या सैन्यात भरती होण्याचा गौरव केला आहे, त्या सैन्यात कृष्णवर्णीयांच्या तुकड्या वेगळ्या ठेवल्या जात, याचा जाब कोणी विचारत नाही. ती विभागणी संपवण्याचा आदेश १९४८ साली निघाला. यातील प्रत्येक चित्र खरे मानले, तरी गाळलेल्या भागामुळे एकूण चित्र खोटे ठरू शकते.

२४/
जॉन्सन १० जून १९४६ रोजी मोटार अपघातात मरण पावला. १९७० साली जिम जेकब्स यांनी जुन्या फिती जमवून 'जॅक जॉन्सन' हा माहितीपट काढला. संगीत माइल्स डेव्हिस यांचे. मुहम्मद अली व्हिएतनाम युद्धात भरती नाकारल्यामुळे रिंगणाबाहेर ढकलला गेला होता, ते हे दिवस. साठ वर्षांपूर्वीच्या मूक चित्रांना विजेवरच्या गिटारची साथ मिळाली आणि जॉन्सन एकदम समकालीन वाटू लागला. दडपलेल्या पुराव्याचे आता बंडाच्या प्रतीकात रूपांतर झाले.

२५/
यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे केन बर्न्स यांचा 'अनफरगिव्हेबल ब्लॅकनेस' हा २००४ सालचा माहितीपट. शीर्षकातील शब्द डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांचे आहेत. जॉन्सनचे शब्द अभिनेते सॅम्युअल एल. जॅक्सन वाचतात. संथपणे सरकणारी छायाचित्रे, विंटन मार्सालिस यांचे संगीत, त्या काळच्या वर्तमानपत्रांतील विखारी उतारे आणि लगेच त्यांना छेद देणारी लढतीची फीत, अशी त्याची वीण आहे. प्रेक्षक कोणाच्या बाजूला जाईल, हे या जुळणीतच ठरते.

२६/
बर्न्स यांनी आपला हेतू लपवला नाही. माहितीपटाबरोबरच २००४ साली त्यांनी सिनेटर जॉन मॅकेन आदींच्या साथीने जॉन्सनला मरणोत्तर माफी मिळावी म्हणून अर्ज दाखल केला. चौदा वर्षांनी, २४ मे २०१८ रोजी, राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ती माफी दिली. एखाद्या माहितीपटाने जनमत घडवण्यापलीकडे जाऊन न्यायालयीन निकालाचा डाग पुसण्यास हातभार लावावा, हे दुर्मीळच.

२७/
मग हाही प्रचारच का? मत वळवणे हा दोहोंचा धर्म आहे. भेद आहे तो प्रेक्षकाला दिलेल्या साधनांत. बर्न्स यांच्या माहितीपटात खटल्याचा तपशील येतो, इतिहासकार बोलतात, प्रतिपक्षाचे शब्द जसेच्या तसे ऐकू येतात. पत्नी एटाला जॉन्सनने केलेली मारहाण आणि १९१२ सालची तिची आत्महत्या हेही येते. प्रेक्षक हवे तर वेगळा निष्कर्ष काढू शकतो. १९१२ च्या कायद्याने त्याला तेवढी मुभा दिली नव्हती.

२८/
तरीही सावध राहावे. जॉन्सनचे आत्मकथन अनेक ठिकाणी रंगवलेले आहे, आणि थोर नटाच्या आवाजात ते वेदवाक्यासारखे भासते. नायकाच्या कथेला अडचणीची असलेली एक बाबही विसरू नये. विजेता झाल्यावर जॉन्सनने सॅम लँगफर्डसारख्या श्रेष्ठ कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांना विजेतेपदाची लढत दिली नाही. गोऱ्यांशी लढण्यात पैसा अधिक होता. ज्या रंगरेषेने त्याला अडवले, ती त्याच्या कारकिर्दीत इतर बहुतेक कृष्णवर्णीयांसाठी तशीच राहिली. अन्याय सोसलेला माणूस निष्कलंक असावा लागत नाही, आणि त्याच्यावरचा अन्याय मान्य करण्यासाठी त्याला निष्कलंक ठरवण्याचीही गरज नाही.

२९/
म्हणून कोणताही माहितीपट पाहताना चार प्रश्न जवळ असावेत. कॅमेरा कोणी थांबवला आणि केव्हा? चित्राला आवाज कोणी आणि कशाचा दिला? चित्राच्या शेजारी काय ठेवले आणि काय गाळले? आणि हे दृश्य दाखवण्याची परवानगी आज का मिळते आहे, जी काल नव्हती? चौथा प्रश्न बहुधा विसरला जातो. १९१२ आणि १९४४ मधील अंतर मात्र त्याच प्रश्नाने उलगडते.

३०/
रीनोच्या लढतीची फीत आज सुरक्षित आहे. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, देशाचा जतन करण्याजोगा वारसा म्हणून, तिचा समावेश झाला. पंधराव्या फेरीत जेफ्रीज कोसळताना आता कोणालाही पाहता येतो. सिडनीतील बर्न्सचा शेवटचा क्षण मात्र कधीच पाहता येणार नाही. जी फीत अडवली गेली ती ९३ वर्षांनी का होईना सन्मानाने परतली; जे दृश्य टिपूच दिले नाही, ते परतण्याचा मार्गच नाही.

(थ्रेड समाप्त)